बेचाळीस शुभेच्छुक आणि एक केक

केक छापायचं यंत्र घरात आणण्याची कल्पना माझी नव्हती, एवढं आधी लिहून ठेवतो. आणलं मात्र मी. या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा उरते, तिथे शेजारी राहतात.

मला राग आला आहे. तो मला फार कमी येतो आणि आला तरी कुणाला कळत नाही. बत्तीस वर्षं मी जुन्नरच्या एका वाचनालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसलो. पुस्तक परत न करणाऱ्या माणसाला मी पोस्टकार्ड लिहायचो आणि खाली ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असंही लिहायचो. अशा माणसाने रागावायचं ठरवलं तरी सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पडतो. मी यंत्रापासून करतो.

माझी सून वैजयंती घरीच केक करते. मुलगा सूरज चाकणला पाळीवर असतो, त्यामुळे तिच्या केकांचा पहिला प्रेक्षक मी. तिच्याकडे साचा नाही. गिऱ्हाईक येतं, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसतं, आणि ही त्याला नाही नाही ते विचारत बसते. मग क्रीमची पिशवी पिळत पिळत ते केकवर उतरवते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे एक गृहस्थ निवृत्त झाले, तेव्हा तिने अँटेना केली होती. त्या मोठ्या तबकडीची तारांची जाळी क्रीमच्या धाग्यांनी अशी विणली, की ते गृहस्थ सुरी हातात धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “इथे एक तार सुटलीय. पण ती खऱ्यातही सुटलेली आहे.”

तर असं चाललं होतं. मग मागच्या आळीतल्या हर्षालीने मुलाच्या वाढदिवसासाठी घरीच ते यंत्र आणलं. मोबाइलमधला कुठलाही फोटो दहा मिनिटांत साखरेच्या कागदावर छापून मिळतो. तो केकवर चिकटवायचा की झालं. आधी तिच्या आळीने तिच्याकडून छापून घेतलं, मग तिच्या माहेरच्या आळीने, मग सासरच्या भावकीने. आमच्या ओट्याशेजारचं स्टूल रिकामं राहू लागलं. श्रावणात तर त्यावर मी बसून वर्तमानपत्र वाचू लागलो.

एका सकाळी वैजयंती क्रीमच्या पिशवीचं नोझल धूत होती. वर न बघता म्हणाली, “अण्णा, पतसंस्थेत क्लार्कची जागा आहे. एक तारखेला हजर व्हा म्हणालेत. तोवर काही जमलं तर बघते, नाहीतर हे बंद.”

नोझल धुऊन झालं होतं. तरी ती धूतच होती.

यावर शहाण्या माणसाने काहीतरी बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसला आणि सल्ला घ्यायला शेजारी हौशीरामांकडे गेलो. हौशीराम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. जगातला कुठलाही प्रश्न त्यांच्याकडे न्या, ते त्याला गाडीत बसवून योग्य थांब्यावर उतरवतात.

“अण्णा, तुमी लई साधं मानूस,” ते म्हणाले. “तिच्याकडं यंत्र हाय, तर तुमी बी यंत्र आना. आमच्या यष्टीत तिकिटाचं मशीन आलं, तवा मी लाकडी पेटी टाकून मशीन धरलं का न्हाई?”

“धरलंत.”

“मंग! पेटीवाला कुटं ऱ्हायला आज?”

तिकीट खिशात जातं आणि केक पोटात, हा फरक मला घरी परतल्यावर सुचला. मला मुद्दे नेहमी घरी परतल्यावर सुचतात. तोवर हौशीरामांनी माझ्याच मोबाइलवरून यंत्र मागवलंसुद्धा होतं.

ते आलं नाही. ते नारायणगावात येऊन थांबलं. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता संगणकाला कळत नाही, असं कुरियरवाल्याने सांगितलं. देवळं मारुतीची असतात आणि त्यांना मागची बाजू असते, यात न कळण्यासारखं काय आहे, असं मी विचारणार होतो. पण रांगेत माझ्यामागे माणसं होती. मी खोकं घेऊन एसटीत बसलो. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असं बाणांनी दाखवलेलं होतं. जुन्नर येईपर्यंत सर्व बाण जमिनीकडे होते.

वैजयंतीने खोकं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि इतक्या हळू आवाजात विचारलं, की वाचनालयातसुद्धा चाललं असतं, “अण्णा, माझा हात वाईट झालाय का?”

“नाही गं, मदत म्हणून...” मी म्हणालो.

“मग तुम्हीच चालवा. मी केक भाजून देईन. वरचं तुम्ही बघा.”

ती आत गेली. मी खोक्यासमोर बसलो. बत्तीस वर्षं मी लोकांना पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका म्हणून सांगितलं, आणि आता त्यांना कागदच खायला घालणार होतो.

त्यात मी पडलो नियमाने चालणारा. छापायचं म्हणजे छापखाना आला. छापखान्याला परवाना लागत असला तर? या शंकेने मला झोप येईना. वैजयंतीकडे अन्नाचा परवाना होता, पण त्यात शाईचा उल्लेख नव्हता. मी एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, तिथे पुन्हा जावं लागेल. खिडकीतल्या तरुणाने माझं सर्व ऐकून घेतलं.

“छापता?”

“हो.”

“मग लोकं ते वाचतात का खातात?”

“आधी वाचतात. मग खातात.”

त्याने पडद्यावर दोन याद्या वरखाली करून पाहिल्या. “आजोबा, वाचायचं असंल तर छापखाना. खायाचं असंल तर बेकरी. दोन्हीचा कॉलम आमच्याकडं न्हाई. तुमी एक कायतरी ठरवून या.”

मी एक कायतरी ठरवायला घरी आलो. खरं तर तिथेच त्याला सांगायला हवं होतं की, बाबा रे, असा कॉलम नाही हे ऐकायला मी तीन खिडक्या हिंडून आलोय. सांगितलं नाही. उलट ‘तसदीबद्दल क्षमस्व’ म्हणालो. याचाही मला राग आहे.

यंत्राने पहिल्याच दिवशी लाल रंग द्यायचं नाकारलं. मी चाचणी म्हणून हौशीरामांचा फोटो छापला, तर ते हिरवेनिळे निघाले, आठवडाभर धरणात पडल्यासारखे. मदतीच्या नंबरावर एक मुलगी गोड हिंदीत म्हणाली, “आपकी परेशानी हम समझ सकते हैं,” आणि तिने मला यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. हे मी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी लाल आला, तो एवढा आला की हौशीराम रागावलेले दिसू लागले. त्यांनी तो कागद खाऊन पाहिला. “गोड हाय, पन मला मीच कसा खाऊ राव,” म्हणून अर्धा परत दिला. या वाक्यात पुढच्या सगळ्या अनर्थाची सूचना होती. मी ती वाचली नाही.

मग चांगदेव आला. मढच्या दूध संस्थेचे चेअरमन दादाभाऊ, आणि चांगदेव म्हणजे दादाभाऊंचा उजवा हात. दादाभाऊंचा वाढदिवस रविवारी होता.

“अण्णा, तुमच्याकडं मशीन आलंय म्हनं. फ्लेक्स बगा.” त्याने मोबाइल माझ्या नाकाला लावला. आपल्याकडचा रीतसर फ्लेक्स होता. मध्ये दादाभाऊ हात जोडून, मागे डोंगर, वर उगवता सूर्य, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. बेचाळीस. “ह्योच केकवर पायजे. समदा. येक बी मानूस गळाला नाय पायजे.”

स्वयंपाकघरातून वैजयंती म्हणाली, “चांगदेवभाऊ, केकवर बेचाळीस माणसं मावत नाहीत.”

“ताई, तुमी तेवडा मोटा केक करा ना मंग.”

आता या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. पण एक तारीख माझ्या डोळ्यांसमोर होती. एवढा एक केक जमला, तर मढकडची सगळी गावं आपल्याकडे येतील आणि सूनबाई पतसंस्थेत जाणार नाही, असा हिशेब मी मनात केला आणि हो म्हणालो.

साखरेचा कागद वहीच्या पानाएवढा असतो. फ्लेक्स त्यावर बसवला, तेव्हा शुभेच्छुक बाजरीच्या दाण्याएवढे झाले. म्हणून मी चांगदेवला सर्व फोटो वेगवेगळे पाठवायला सांगितले. त्याने पाठवले. पहाटेपासून दुपारपर्यंत एकेक, नावासकट, पण जसे हाताला लागले तसे. सहा कागद जोडून मोठं चित्र करायचं ठरलं. मध्ये दादाभाऊ आणि भोवती हे बेचाळीस. पण कोण कुठे? फ्लेक्सवर ते इतके बारीक होते की ओळखू येईनात. चांगदेवला फोन लावला, तर तोवर तो मढला परतला होता आणि तिथे रेंज नव्हती. सहा वेळा लावला.

तेव्हा मी तेच केलं, जे आयुष्यभर करत आलो. मी त्यांना वर्णानुक्रमे लावलं.

मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. याहून निःपक्षपाती क्रम जगात नाही. यात कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. ‘अ’पासून सुरुवात, ‘ह’ला शेवट. पहिल्या अंबाबाई आल्या, दादाभाऊंच्या उजव्या खांद्याशी. मग क्रमाने बाकीचे. मी दोनदा तपासलं. काना-मात्रेची एक चूक नव्हती.

रविवारी जीपने निघालो. वैजयंती बरोबर आली. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे. “माझा स्पंज एकटा जाणार नाही,” एवढंच म्हणाली आणि क्रीमच्या दोन पिशव्या, पॅलेट नाइफ नावाची चपटी सुरी असं सामान एका डब्यात घेतलं. गणेशखिंड ओलांडली आणि धुकं सुरू झालं. ऑगस्टात मढच्या बाजूला हवाच ओली असते. पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो. साखरेच्या कागदाला हे सोसत नाही, हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेलं असणार. पुस्तिका चिनी भाषेत होती.

संस्थेच्या हॉलमध्ये दोनेकशे माणसं होती. केक टेबलावर ठेवला, झाकण काढलं, आणि मी नम्रपणे मागे सरून उभा राहिलो. कौतुक झालं की मला कुठे बघावं ते कळत नाही, म्हणून मी खाली बघत होतो.

पहिला आवाज व्हाइस चेअरमन रखमाजींचा आला. “मी कुटाय?”

शोधाशोध झाली. रखमाजी ‘र’मधले, म्हणून शेवटच्या कागदावर, बरोबर सांध्यावर सापडले. एक डोळा इकडे, एक तिकडे.

“आनि ह्या कोन? चेअरमनच्या मांडीला मांडी लावून?”

“अंबाबाई,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्या माना अंबाबाईंकडे वळल्या. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं, की दोन महिन्यांनी संस्थेची निवडणूक होती, आणि दादाभाऊ कुणाला पुढे करतात याकडे सगळ्या गावाचे डोळे लागले होते. आपल्याकडे फ्लेक्सवरचा फोटो म्हणजे नुसता फोटो नसतो. कोण नेत्याच्या किती जवळ, याचं ते जाहीर पत्रक असतं. मी ते पत्रक ‘अ’पासून काढलं होतं.

अंबाबाईंनी पदर सारखा केला. “मला काय ठावं न्हवतं बाई. पन आता छापलंय म्हंजी ठरलंच आसंल.”

“काय ठरलंच?” रखमाजी उसळले. “चांगदेव! ही यादी कुनाची?”

चांगदेवने ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवलं. दोनशे माणसं माझ्याकडे वळली. मी उभ्या आयुष्यात दहा माणसांपुढे बोललेलो नाही.

“ती... वर्णानुक्रमे आहे,” मी म्हणालो. “म्हणजे शाळेतल्या हजेरीसारखी.”

“शाळंत मला मागच्या बाकावर बसवलं, हितं बी मागंच बसिवता व्हय?” रखमाजी गरजले. “आनि डोकं फाडून!”

दादाभाऊ समजूतदार माणूस. ते म्हणाले, “जाऊ द्या रं, केकच हाय. कापला की सपला.” आणि त्यांनी सुरी उचलली. ती त्यांच्या स्वतःच्या फोटोच्या मानेवर आली. समोरून त्यांच्या मंडळींनी “अवं, तितून नको!” म्हणून हात वर केला. सुरी डावीकडे सरकली.

“माज्यावरून सुरी फिरवायची न्हाई, माजी आई म्होरं बसलीय,” एक शुभेच्छुक म्हणाला.

सुरी खाली आली. तिथे एकाचं लग्न ठरलेलं होतं. सुरी वर गेली. वर सूर्य होता, पण सूर्याला लागून पोलीस पाटील होते. बेचाळीस जणांनी टेबलाभोवती कोंडाळं केलं आणि प्रत्येक जण आपापल्या तोंडावर पहारा देत उभा राहिला. आणि ओल्या हवेने आपलं काम सुरू केलं. रंग सुटू लागले. दादाभाऊंची मिशी आधी ओठांवर आली, मग हनुवटीवर.

“अण्णा,” दादाभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, “माजी मिशी कुटं चाललीय?”

मला यंत्राचा राग आला, चांगदेवचा आला, रेंजचा आला, लाल रंगाचा आला, आणि त्या सर्वांवर उरून माझा स्वतःचा आला. मी तोंड उघडलं, आणि काय निघालं? “तसदीबद्दल क्षमस्व.”

तेवढ्यात वैजयंती मागून आली. “सरका,” म्हणाली. चढ्या आवाजात नव्हे. ती स्वयंपाकघरात मांजराला म्हणते तसं. पॅलेट नाइफ कागदाखाली घातला आणि बेचाळीसच्या बेचाळीस शुभेच्छुक, डोंगर, सूर्य आणि चेअरमन यांची एक वळकटी करून परातीत टाकली. रखमाजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वळकटीत आता कुणीच कुणाच्या पुढे नव्हतं.

केक पांढरा झाला. तिने क्रीमची पिशवी हातात घेतली आणि विचारलं, “दादाभाऊ, दुधाला तुमच्या घरी पहिलं जनावर कुठलं होतं?”

“आं?” दादाभाऊंनी सुरी खाली ठेवली. “म्हस व्हती. चांदी.”

“शिंगं कशी?”

“येक सरळ. येक खाली आल्यालं, डोळ्यापतुर.” ते टेबलाजवळ आले. “आजून खाली घे पोरी. हां. कपाळाला चांदा.”

“शेपूट?”

“आर्दंच. वाघरानं धरलं व्हतं. म्हातारीनं काठी घालून सोडवलं.” आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. “तिच्या धारेचं पयलं दूद घिऊन मी डेरीला चालत गेलो व्हतो. तवा डेरी म्हंजी नुसतं पत्र्याचं शेड.”

“मी व्हतो की तुज्या संगं,” रखमाजी म्हणाले. “किटली माज्या डोक्यावर व्हती.”

“व्हती,” दादाभाऊ म्हणाले.

दहा मिनिटांत चांदी केकवर उभी राहिली, अर्ध्या शेपटीसकट. दादाभाऊंनी ती कापली, ती खालच्या शिंगाकडून, आणि ते शिंग आधी रखमाजींना दिलं. मग सगळ्यांनी खाल्लं. मला कुणी दिलं नाही. मी परातीतली वळकटी सांभाळत उभा होतो.

गोष्ट इथे संपली असती, तर मी शांत झालो असतो. पण अठ्ठावीस तारखेला चांगदेव पुन्हा आला. स्टूल अजून रिकामंच होतं आणि वैजयंती आत पतसंस्थेत जायच्या साड्यांना इस्त्री करत होती.

“अण्णा, त्या म्हशीनं लई नाव केलं,” तो म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. चांदीचा फोटो होता. “आता हीच म्हस संस्थेच्या समद्या लोकास्नी. तुमी मशीनवर छापून द्या, ताईंना तरास नको. हर्षालीनं तर चालू बी केलंय. काल ओतुरात येका बारशाला हीच म्हस व्हती.”

“बारशाला?”

“हां. लोकं इचारत व्हती, शेपूट आर्दं का. म्हनलं, फॅशन हाय.”

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी खुर्चीतून उठलो. खुर्ची मागे पडली. आणि बत्तीस वर्षांत ज्यांनी पानं फाडली, पुस्तकं बुडवली, समासात बदाम काढले, त्या सर्वांसाठी साठवलेला आवाज एकदम बाहेर आला.

“फॅशन? ते शेपूट वाघराने तोडलंय, मूर्खा! ती दादाभाऊंची म्हैस आहे! माझ्या सुनेने काढलेली आहे! छापायची नाही! चालता हो!”

हौशीराम बनियनवर बाहेर आले. समोरची कुत्री उठून दूर जाऊन बसली. चांगदेव दाराशी पोचला होता, पण बाहेर जाईना. तो घाबरला नव्हता, थक्क झाला होता.

“अण्णा, तुमाला आवाज हाय व्हय?”

वैजयंती इस्त्री हातात घेऊन बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

“चांगदेवभाऊ, हर्षालीला छापू द्या,” ती म्हणाली. “ते काही मी थांबवू शकत नाही. पण दुसऱ्याची म्हैस किती दिवस खाणार तुम्ही? तुमच्या घरी काय होतं पहिलं?”

चांगदेवने डोकं खाजवलं. “आमच्यात? शेळी व्हती. आमी तवा तळेघरच्या वरल्या अंगाला ऱ्हायचो. लई आगाव. भाताच्या खाचरात शिरायची.” तो स्टुलावर टेकला. “येकदा तिनं आमच्या बापाचा पटका खाल्ला व्हता.”

“सगळा?”

“पटक्याचा शेव तेवडा ऱ्हायला व्हता तोंडात.”

“ते टोक कुठल्या बाजूने लोंबत होतं?” वैजयंतीने इस्त्री बाजूला ठेवली आणि पेन्सिल घेतली.

मी अजून उभाच होतो. मूठ वळलेली होती. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा रागावलो आणि दोन मिनिटांत लोक शेळीकडे वळले.

“अण्णा,” वैजयंती कागदावरून मान न उचलता म्हणाली, “पतसंस्थेत तेवढा फोन करता? म्हणावं, एक तारखेला येत नाही.”

मी फोन लावला. पलीकडून मॅनेजरने अगदी सभ्यपणे विचारलं, “का हो? काही अडचण?”

त्याचा काहीएक दोष नव्हता. पण आवाज मला आत्ताच सापडला होता, आणि या वयात तो किती दिवस टिकेल कुणास ठाऊक. मी त्यालाही झापलं.